एक इंच बाहेरून

शिडी खांद्यावर घेतलेल्या माणसाने वळताना मागे पाहिलंच नाही, आणि शिडीचं मागचं टोक मास्तरच्या डाव्या बरगडीवर खाडकन बसलं. तो जागच्या जागी थांबला. दोन्ही हात अंगापासून लांब, डोळे गच्च मिटलेले, दातांवर दात. अकरा महिन्यांत हे असं उभं राहणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं. आधी धक्का, मग अर्धा श्वास काहीच नाही, आणि मग बरगडीच्या कडेकडेने कोणी उकळतं पाणी सोडावं तशी ती कळ. हा क्रम त्याला पाठ होता. त्याने अर्धा श्वास वाट पाहिली. मग पुरा श्वास पाहिली. फुटपाथवरची माणसं त्याला वळसा घालून जात होती, पलीकडे सिग्नल बदलला, बस सुटली, आणि कळ आलीच नाही. शिडीवाला एव्हाना शिडी भिंतीला टेकवून धावत आला होता. लागलं का काका, फार लागलं का, असं त्याने चार वेळा विचारल्यावर मास्तरने डोळे उघडले. "नाही," तो म्हणाला, आणि आपण खरं बोलतोय हे लक्षात येऊन स्वतःच चकित झाला. शिडीवाल्याला वाटलं, माणूस भला आहे, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून सांभाळून घेतोय. दोनदा माफी मागून तो निघून गेला. मास्तर मात्र तिथेच उभा राहिला. खिशातलं काहीतरी पडलंय आणि काय पडलं ते आठवत नाही, असं त्याला वाटत होतं.

तसं पाहिलं तर नवल वाटायचं कारण नव्हतं. दीड तासापूर्वीच वेदनांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पाठीत पाच सुया टोचून बरगड्यांखालच्या पाच नसा बधिर केल्या होत्या. गेल्या वर्षी त्याला नागीण झाली, छातीच्या डाव्या अंगाला, पाठीच्या मणक्यापासून पुढे थेट छातीच्या हाडापर्यंत. फोड पंधरा दिवसांत सुकले, खपल्या धरल्या, गळून पडल्या, आणि घरच्यांनी सुटलो म्हणून निःश्वास टाकला. पण जाताना ती नसा जाळून गेली होती. कातडी वरून गुळगुळीत, आणि आत मात्र सतत आग. बरं, जोरात दाबलं तर एक वेळ चालायचं, पण हलका स्पर्श मुळीच सहन व्हायचा नाही. वाऱ्याने शर्ट हलला की जीव कासावीस. चाळीस वर्षं गणवेशांच्या कारखान्यात कटिंग मास्तर म्हणून काढलेल्या माणसावर ही पाळी यावी, याची काज करणाऱ्या म्हाताऱ्याला फार गंमत वाटायची. "जन्मभर दुनियेला कपडे घातलेत मास्तर, आता कपडेच तुमच्या अंगावर उठले," तो म्हणायचा, आणि मास्तरही हसायचा, एका कुशीने, जपून. मग गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी डोकं इतकं जड व्हायचं की एकदा त्याने थरावर थर रचून एकदम कापलेल्या साठ कोटांच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. मालक काही बोलले नाहीत, उलट खुर्ची पुढे केली, आणि तेच त्याच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवसापासून तो रजेवर गेला. नंतर भुलीच्या औषधाच्या चिकटपट्ट्या आल्या. त्या हव्या त्या आकारात कापून घ्या म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्याने आरशासमोर उभं राहून आधी वर्तमानपत्राचा साचा काढला आणि मग पट्टी कापली. पट्टी छान बसली. दुखणं काही फारसं हललं नाही.

आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी त्याला शर्ट काढून आरशासमोर उभं केलं होतं. वयाने त्याच्या मुलीएवढ्याच असतील, पण बोलणं शांत, कुठे घाई नाही. त्यांनी त्याच्या हातात एक जांभळं पेन दिलं आणि म्हणाल्या, जिथे स्पर्श सहन होत नाही त्या भागाची हद्द तुम्हीच काढा, तुमच्याइतकी ती कोणाला ठाऊक नाही. हातात पेन आल्यावर मास्तरला इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच बरं वाटलं. वळण घेणारी रेघ काढायची तर हात मनगटातून नाही, खांद्यातून फिरवावा लागतो, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. पाठीमागे हात पोचेना तिथे नर्सने त्याच्या सांगण्याप्रमाणे रेघ पुरी केली. डॉक्टरीणबाई रेघेकडे बघून म्हणाल्या, काय सुंदर हात आहे तुमचा. मग त्यांनी कापसाचा बोळा घेतला आणि रेघेच्या आत ठिकठिकाणी टेकवून पाहायला सुरुवात केली, पण कापूस जवळ येतोय म्हटल्यावरच मास्तर आक्रसायचा, वरच्या कडेला, खालच्या कडेला, सगळीकडे सारखाच. त्यांनी मान हलवून कागदावर पाच बरगड्यांना खुणा केल्या. बेत असा होता की आज तात्पुरती भूल, चार-पाच तास टिकणारी. दर तासाला शून्य ते दहा असा आकडा लिहायचा. दुखणं निम्म्याच्या खाली आलं तर उद्या सकाळी नऊला थंड सुई. त्या सुईचं टोक बर्फाहून गार होतं, नस गोठते, मरत नाही पण झोपते, सहा-आठ महिने, कधी वर्षभर. कापाकापी नाही, टाके नाहीत, दुपारी घरी. "फक्त एक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या. "या रेघेच्या आत दुखणार नाही, पण बाकीचंही काही कळणार नाही. गार, गरम, कोणाचा हात, काहीच नाही. चालेल ना?" चालेल, असं मास्तर लगेच म्हणाला होता. सोबत कोण आलंय असं नर्सने विचारलं तेव्हा बायको बाहेर बसलीय म्हणाला, आणि बाहेर कोणीच नव्हतं.

तो चालायला लागला. शर्ट अंगावर होता हे त्याला फक्त उजवीकडून कळत होतं. डावीकडे आपण थोडे कमी आहोत, तेवढ्या भागातून हवा आरपार जातेय, अशी एक विचित्र पोकळी होती, आणि तिच्यात आनंद वगैरे काही नव्हता. त्याला वाटलं होतं, कळ गेली की आपण रडू. रडू आलं नाही. रस्त्याच्या कडेला एक छोटी बाग होती, तिथल्या बाकावर तो बसला आणि कोणी पाहत नाहीसं बघून त्याने उजवा हात शर्टाच्या आत घातला. पट्टी चिकटवण्यापुरतं सोडलं तर अकरा महिन्यांत त्याने स्वतःलाही इथे हात लावला नव्हता. बोटांना कातडी कळत होती, ऊबदार, किंचित घामट, म्हाताऱ्या माणसाची. कातडीला बोटं कळत नव्हती. दुसऱ्याच कोणाच्या छातीवर हात ठेवल्यागत तो दाबून बघत राहिला. मग हात हळूहळू खाली सरकवला, बरगडी ओलांडली, पुढची ओलांडली, पार शेवटच्या बरगडीखाली, कमरेच्या वरच्या त्या मऊ जागेपाशी आला, आणि तिथेही काही कळेना. त्याने चिमटा काढला. कळेना. तो थांबला. ही जागा तर कधी दुखलीच नव्हती.

त्याने शर्टाची दोन बटणं काढून आत मान घातली. जांभळी रेघ जशीच्या तशी होती, एका दमात काढलेली, कुठे हात न थरथरलेली. दुखऱ्या भागाच्या बरोब्बर एक इंच बाहेरून. वरूनही एक इंच, खालूनही एक इंच. आपण काय करून बसलो हे त्याला तेव्हा उमगलं. कापडावर दोन रेघा असतात. एक शिवणीची, ती मापाची, आणि तिच्या बाहेरून दुसरी कापायची, कारण शिवताना कापड आत दुमडलं जातं, पुढेमागे सैल करावं लागतं, आणि मापावर कापलेला कपडा कोणाच्याच अंगात जात नाही. नवशिके दोन्ही रेघा काढतात. मास्तर कित्येक वर्षं एकच काढत आला होता, बाहेरची. आतली त्याच्या डोळ्यांना आपोआप दिसायची, आणि कारखान्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की मास्तरची रेघ म्हणजे मार्जिन धरून. डॉक्टरीणबाईंना ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांनी कापायची रेघ मापाची समजून घेतली होती. तीन नसांचं काम होतं, पाच बधिर केल्या. चिकटपट्टीही त्याने अशीच कापली होती, हे त्याला आठवलं. आज संध्याकाळी भूल उतरेल, त्याचं काही नाही. पण उद्या नऊला थंड सुई लागली की वर्षभरासाठी हे सगळं निजणार, दुखरं आणि धडधाकट दोन्ही.

होईना का. पहिल्यांदा त्याच्या मनात हेच आलं, आणि ते तो स्वतःपासून लपवू शकला नाही. काय बिघडतं एका इंचाने? असाही त्या इंचाचा उपयोग काय होता? त्याचं सगळं आयुष्य एक इंच बाहेरून कापलेलं होतं. गाडी सुटायच्या तासभर आधी स्टेशनावर. मुलीच्या लग्नात दहा खुर्च्या जास्त. कोणाशी भांडतानाही दोन शब्द हातचे राखून. त्याचा त्याला एक बारीकसा अभिमानही होता. समोर एक बाई मुलाच्या बुटाची नाडी बांधत होती, तिच्याकडे बघत तो बराच वेळ बसला. मग डाव्या बाजूची ती खालची मऊ जागा, शेवटच्या बरगडीखालची, त्याला कशी कोण जाणे आठवली. ती त्याच्या बायकोच्या कोपराची जागा होती. बायको त्याच्याहून वीतभर बुटकी, त्यामुळे तिचं कोपर नेमकं तिथेच यायचं. चारचौघांत तो तोच विनोद तिसऱ्यांदा सांगायला लागला की तिथे एक ढुशी बसायची. पाहुणे उठायचं नाव घेईनात आणि हा त्यांना आणखी चहा विचारतोय, की जरा जोरात ढुशी. सासऱ्यांना अग्नी देऊन परतले त्या दिवशी गाडीत ती काही बोलली नव्हती, तिने नुसतं कोपर तिथे टेकवून ठेवलं होतं, घर येईपर्यंत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं दुसऱ्यांच्या बोलण्याला वाट करून देण्यात घालवलेली बाई, घरी आल्यावर तिला बोलायचा कंटाळा असायचा. तिचं निम्मं बोलणं त्या कोपरातूनच होत असे.

नागीण उठली त्या पहिल्या आठवड्यात ती त्याची कॉलर नीट करायला पुढे आली होती आणि तो ओरडला होता. इतका की शेजारच्यांनी दार उघडलं. "माझ्या डावीकडे यायचंच नाही," असं तो म्हणाला होता. डावीकडे. छाती नाही, बरगडी नाही, डावीकडे, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत अर्धा माणूस. त्या दिवसापासून ती रस्त्यात त्याच्या उजवीकडून चालायला लागली, कप उजवीकडून द्यायला लागली, आणि झोपेत चुकून हात लागेल म्हणून उशी घेऊन बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर गेली. महिनाभरात कधीतरी त्याला स्वच्छ कळलं होतं की आग आहे ती एका पट्ट्यात, वरखाली काही नाही. तेव्हा सांगता आलं असतं. त्याने सांगितलं नाही. का नाही सांगितलं हा प्रश्न त्याने आज बागेतल्या बाकावर पहिल्यांदा स्वतःला विचारला, तोही काहीच दुखत नव्हतं म्हणून. दुखतंय म्हटलं की कोणी काही विचारत नसे. बाह्या चुकल्यापासून मनाला जे लागून राहिलं होतं तेही कोणी विचारत नसे. पलंगाच्या मधोमध हातपाय पसरून पडावं, छताकडे बघावं, हे सगळं दुखण्याच्या नावावर खपून जात होतं. ही शांतता त्याला आवडायला लागली होती. हे असं आवडणं वाईट आहे का, ते त्याला ठरवता येईना. ते जसं होतं तसं त्याने पाहिलं, इतकंच. शेवटी घड्याळ बघून त्याने पहिल्या दोन तासांचे आकडे कागदावर लिहिले. शून्य. शून्य.

घरी पोचला तेव्हा तीन वाजून गेले होते. बायको खिडकीशी वाचत बसली होती. तिने पुस्तकात बोट घालून वर पाहिलं आणि किती म्हणून विचारलं. तो शून्य म्हणाला. तिने मान डोलावली, पण पुस्तक उघडलं नाही. "शून्य हे असं सांगतात का?" ती म्हणाली. आवाजावरून माणूस ओळखायची तिला खोड होती. मास्तर खुर्चीवर बसला. सांगावं की नाही याचा त्याने घटकाभर विचार केला. नाही सांगितलं तर उद्या नऊला सगळं सुरळीत पार पडेल, वर्षभर कोणी काही विचारणार नाही. सांगितलं तर नुसती एक चूक सांगून भागणार नव्हतं, हे त्याला दिसत होतं. आणि वर्षानंतर ती जागा परत जागी झाली तरी तिथे कोणी कोपर मारायला येईल का, हा प्रश्नही त्याला दिसत होता. मग त्याने सांगितलं. आरसा, पेन, रेघ, बाहेरची आणि आतली. ती ऐकत राहिली. मधेच तिला हसू आलं, खूप दिवसांनी. "डॉक्टरला पण मार्जिन लावलंत," ती म्हणाली. त्याने सांगितलं, दवाखाना सातपर्यंत उघडा असतो, त्याआधी बरोबर हद्द कळवली तर उद्या तीनच नसा गोठवतील, नाहीतर पुढचा नंबर दीड महिन्याने. पण भूल उतरल्याशिवाय हद्द कळणार नाही. आणि ती त्याने स्वतः काढून उपयोग नाही, त्याचा हात पुन्हा बाहेरूनच जाईल. एवढं बोलून तो थांबला. पुढचं वाक्य त्याला नीट जमलं नाही. "तू बघशील का," तो म्हणाला.

साडेपाचच्या सुमाराला शर्ट पुन्हा टोचायला लागला. आधी मुंग्या, मग ऊब, मग ती जुनी ओळखीची आग, एकेक पायरी चढत. त्याने कागदावर चार लिहिलं, मग सहा. बायकोने हात धुतले, गार लागू नयेत म्हणून एकमेकांवर चोळले, आणि त्याच्या शिवणाच्या डब्यातला निळा खडू घेऊन ती त्याच्या डावीकडे येऊन बसली. अकरा महिन्यांनी. तिला तिथे बसताना जरा अवघडल्यासारखं झालं, कुठे टेकावं ते कळेना. तिने कमरेपासून सुरुवात केली, एका बोटाने, अगदी हलकं. इथे? नाही. इथे? नाही. जांभळी रेघ आली, ती ओलांडून बोट वर गेलं. इथे? तो आक्रसला, अजून काही झालंही नव्हतं. "थांबा," ती म्हणाली. "लागल्याशिवाय हो म्हणायचं नाही." तिने बोट तिथेच ठेवलं. ते बोट त्याला कळत होतं, त्याची ऊब, त्यावरची खडूची भुकटी, आणि ते दुखत नव्हतं. नाही, तो म्हणाला. बोट आणखी अर्धा इंच वर सरकलं आणि त्याचा श्वास अडकला. हो, तो म्हणाला. तिने तिथे खडूने खूण केली. मग वरून खाली येत तसंच, मग काखेकडून, एकेक बोट, एकेक हो, एकेक नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, थोडं दुखण्याचं आणि थोडं नाही. पुढची बाजू पुरी झाल्यावर तिने खुणा जोडून खडू खाली ठेवला आणि दोन निळ्या रेघांच्या वर, कातडीला न लावता, आपला पंजा आडवा धरून पाहिला.

"चार बोटं," ती म्हणाली. "चार बोटांएवढी जागा आहे, अहो. मी समजत होते, सगळा माणूसच दुखतोय."

त्याने मान वाकवून त्या दोन निळ्या रेघांकडे पाहिलं.

"मग मला बाहेरच्या खोलीत का झोपवलंत?"

भीतीमुळे, असं म्हणता आलं असतं, आणि ते निम्मं खरं होतं. निम्म्या खऱ्यावर भागवायची त्याला सवयही होती. खिडकीबाहेर कोणीतरी सायकल लावत होतं, तिची साखळी खडखडली. बायकोचा हात आता निळ्या रेघेच्या खाली, त्या मऊ जागेवर, सहज टेकला होता, खडू शोधताना टेकतो तसा.

"कोणी जवळ नसलं की बरं वाटायचं," तो म्हणाला.

ती हात काढून घेईल, उठून जाईल, असं त्याला वाटलं. तो बाहेरच्या खोलीच्या दाराकडे बघत राहिला. हात हलला नाही.

"मलाही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "तिकडे दिवा लावून हवं तेवढं वाचता यायचं. कोणाचं तोंड बघून दुखणं ओळखायला नको. म्हणून तर मी कधी विचारलं नाही, नक्की कुठून कुठपर्यंत ते."

मास्तरला वाईट वाटलं. सरळ, साधं वाईट, चार बोटांच्या त्या आगीहून वेगळं, आणि ते कुठे सुरू होतं नि कुठे संपतं हे त्याला सांगता आलं नसतं. त्याने तिच्याकडे पाहिलं. तीही दमलेली दिसत होती, आणि म्हातारी, आणि तिच्या नाकाच्या शेंड्याला निळा खडू लागला होता. सहा वाजून गेले होते. तिने खडू उचलला, त्याचं टोक नखाने साफ केलं.

"वाका जरा पुढे," ती म्हणाली. "पाठीची रेघ राहिलीय."